रहस्यपट-वही : घड्याळाचा मोबाइल होतो तेव्हा

नियम साधा आहे. मूळ गोष्ट आधी वाचायची, मग तिचे पडद्यावरचे मिळतील तेवढे अवतार बघायचे आणि वहीत एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: लेखकानं वाक्यात दडवलेला धागा कॅमेऱ्यानं कुठे दडवला? पावसाळ्यात सुरुवात केली. होम्स संपत आलाय (तसा तो संपत नसतो), अगाथा ख्रिस्ती अर्ध्यावर आहे आणि शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या बंगाली गुप्तहेरात, ब्योमकेशमध्ये, मी पुरता अडकलोय. त्यामुळे ही नोंद तिकडेच झुकणार.

जोडीला आत्या आहे. तिनं यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही, म्हणूनच ती कामाची. उलगडा सुरू व्हायच्या आत मी थांबवतो, ती चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहिते आणि घडी घालून चहाच्या डब्याखाली सरकवते.

होम्सपासून सांगतो. 'द साइन ऑफ फोर' (1890) मध्ये वॉटसनचं खिशातलं घड्याळ बघून होम्स त्याच्या भावाची सगळी कुंडली मांडतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे आहेत, म्हणजे रात्री किल्ली देताना हात थरथरत होता, म्हणजे दारू. 2010 च्या बीबीसी 'शेरलॉक'मध्ये घड्याळाचा मोबाइल झाला आणि ओरखडे चार्जर लावायच्या खाचेभोवती आले. वस्तू बदलली, थरथरणारा हात तोच राहिला. वर एक टपलीही आहे: ज्याला शेरलॉक भाऊ समजतो ती 'हॅरी' निघते बहीण. पहिल्या कादंबरीत, म्हणजे 1887 साली, भिंतीवरची रक्ताची अक्षरं बघून पोलिसाला वाटतं की 'रेचल' हे नाव अर्धवट राहिलंय आणि होम्स सांगतो की हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. नव्या मालिकेत 'जर्मन, सूड' हे पोलिसांच्या बाजूचा माणूस म्हणतो आणि शेरलॉक त्याला उडवून लावतो, नाव रेचलच आहे म्हणून. पुस्तक वाचलेला माणूस तिथेच फसतो. नव्यानं करायचं तर असं करावं. नायकाला लांब कोट चढवून गाडी वेगात पळवली की झालं, असं नाही.

ख्रिस्तीकडे वळलो तसं आत्याचं खातं उघडलं. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' 1934 सालची. बर्फात अडकलेल्या गाडीत प्रेत सापडल्यावर ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो टोपीच्या डब्यातल्या तारेची जाळी वापरून जळका कागद पुन्हा तापवतो, त्यावर आर्मस्ट्राँग हे नाव क्षणभर उमटतं आणि तेव्हा कुठे जुनी अपहरणाची हकिकत बाहेर येते. सिडनी ल्युमेटनं 1974 च्या चित्रपटात तीच हकिकत अगदी सुरुवातीला, वर्तमानपत्रांच्या कात्रणांसकट दाखवून टाकली. आत्या म्हणाली, "एवढं पहिल्यांदा दाखवलंय म्हणजे गाडीतल्या कुणाचा तरी त्याच्याशी संबंध असणारच की रे." बरोबर. म्हणजे जळक्या कागदापाशी प्रेक्षक पॉयरोच्या पुढे असतो. पण मला ते पटलं. ल्युमेट भूतकाळ उघडा टाकतो आणि नातं झाकून ठेवतो, आणि त्यावर दोन तास ओढून नेतो. केनेथ ब्रानानं 2017 साली 65 मिमी फिल्मवर बर्फ सुंदर टिपला, दरडीसारखा कोसळवला आणि गाडी रुळावरून घसरवली. पण माणसं डब्याबाहेर हिंडायला लागली की कोंडमारा संपतो, आणि या गोष्टीत कोंडमाराच तर हवा. मिशीबद्दल बोलायला नको. डेव्हिड सुशे पॉयरो झालाय ती 2010 ची आवृत्ती या सगळ्यांत जास्त कडू आहे. शेवटी हातात जपमाळ घेतलेला पॉयरो आत्याला आवडला नाही, मला फार आवडला.

'अँड देन देअर वर नन'बद्दल थोडक्यात. कादंबरी 1939 ची, शेवट काळाकुट्ट. नाटक करताना ख्रिस्तीनं स्वतःच तो सौम्य केला आणि रेने क्लेअरचा 1945 चा चित्रपट त्याच वाटेनं गेला. मूळ शेवट बघायचा तर 1987 चा रशियन चित्रपट किंवा 2015 ची बीबीसी मालिका. त्याच गोष्टीवरून उचललेला हिंदी 'गुमनाम' बघताना आत्यानं चिठ्ठी लिहायची सोडून गाणी म्हटली.

आता ब्योमकेश. 'सत्यान्वेषी' कथेत गोष्ट सांगणारा अजित कोलकात्याच्या एका मेसमध्ये राहतो, आपल्या खोलीत एका होतकरू, गरीब वाटणाऱ्या तरुणाला जागा देतो, आणि तो तरुण म्हणजेच गुप्तहेर हे नंतर कळतं. ही गंमत पहिल्या वाचकाला मिळाली, नंतर कुणालाच नाही. बासू चटर्जींची 1993 ची दूरदर्शन मालिका लावली की शीर्षकातच ब्योमकेश झालेला रजित कपूर दिसतो, मग कसलं गुपित? दिबाकर बॅनर्जींनी 2015 मध्ये हे ओळखून डावच बदलला. त्यांचा अजित आपल्या बेपत्ता वडिलांना शोधायला स्वतः ब्योमकेशकडे येतो आणि त्याच्या तोंडचा तर्क ऐकून थोबाडीत देतो. लपवायचं उरलं नाही तर भांडण लावून द्यायचं. चित्रपट पुढे पसरतो, महायुद्धकाळातल्या कोलकात्यात स्वतःच हरवतो, पण सुरुवात अव्वल.

2023 साली 'दुर्ग रहस्य'च्या दोन आवृत्त्या एकाच वर्षात आल्या: बंगाली नट देवचा चित्रपट आणि सृजित मुखर्जींची अनिर्बाण भट्टाचार्यसोबतची वेबमालिका. किल्ला, गुप्तधन, सर्पदंशासारखा दिसणारा मृत्यू. माझा कौल मालिकेला. संशय मुरायला वेळ लागतो आणि चित्रपटात तो वेळ नायकाच्या खात्यात जमा होतो.

शरदिंदू बंद्योपाध्याय 1952 मध्ये मुंबईची चित्रपटसृष्टी सोडून आपल्या पुण्यात येऊन राहिले, हे बहुतेक पुणेकरांना माहीत नसतं. आमच्या पेठेतल्या वाचनालयात विचारलं तर समोरच्या बाईंनी "बंगाली ना ते?" म्हणून मला अनुवादित कादंबऱ्यांच्या कपाटाकडे पाठवलं.

पुढचं काम शरदिंदूंचीच 'शैल रहस्य'. घडते महाबळेश्वरच्या हॉटेलात, त्यात भूत आहे, आणि ब्योमकेश ती अजितला पत्रांतून कळवतो. पत्रात सांगितलेलं भूत कॅमेऱ्यासमोर आणायचं की नाही? आणलं तर दिग्दर्शकानं त्याच्या खरेपणावर शिक्का मारला, नाही आणलं तर नुसता पत्र वाचणारा माणूस उरला. बंगाली अजून अडखळत वाचतोय, त्यामुळे वेळ लागेल. कुणाकडे मराठी भाषांतर असेल तर कळवा, वाचून लगेच परत करतो. आत्याला मात्र आधी कथेतलं काही सांगू नका.