आमची वाटचाल : द्राक्षबागेपासून पायाच्या खड्ड्यापर्यंत

मिरजेत आम्ही माती तपासायला सुरुवात केली ती द्राक्षबागायतदारांसाठी. भाड्याचा एक गाळा, सामू (म्हणजे पीएच) आणि क्षारता मोजायची यंत्रं, सोडियम-पोटॅशियम मोजणारा एक फ्लेम फोटोमीटर, एक ओव्हन, एवढाच पसारा होता. शेतकरी नमुना आणायचे तो बहुधा युरियाच्या रिकाम्या पिशवीतून. त्यात नत्र भरपूर निघालं तर नवल काय! कुणी बांधालगतची माती आणायचा, कुणी शेणखताच्या ढिगाजवळची. शेवटी रानात जाऊन नमुना आम्हीच घ्यायला लागलो. हंगामी पिकाला नागमोडी चालत ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बागेसाठी मात्र 90 सेंटीमीटरपर्यंत थराथराने खाली जावं लागतं.

त्या खालच्या थरातच खरी गोष्ट दडलेली असते. वर चांगली दिसणारी माती, आणि दोन फुटांवर चुनखडी. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की फसफसून वर येतं. अशा जमिनीत लोह असून मुळांना मिळत नाही; कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लागणीआधी हे कळलं तर खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, कोणता घ्यायचा, की ते रानच सोडायचं, याचा विचार करता येतो. लागणीनंतर फक्त फवारण्या.

कृष्णाकाठचं दुखणं निराळं. उसाला वर्षानुवर्षं पाट सोडून वाळवा, पलूस, मिरज, शिरोळकडची बरीच काळी रानं पाणथळ आणि क्षारपड झाली. क्षारयुक्त आणि चोपण यांतला फरक मात्र डोळ्यांनी ठरत नाही. क्षारता 4 डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर आणि सामू 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर चोपण. तिथे जिप्सम लागतं. तेही निचऱ्याचे पाईप नसतील तर पैसे मातीत. जमीन घेणाऱ्याला आमचं सांगणं एकच असतं, की ती मे महिन्यात बघा. क्षारांचा पांढरा थर तेव्हा उघडा पडतो, पावसाळ्यात तो धुऊन जातो. हिरवंगार रान दाखवायला एजंट जुलैतच का बोलावतात, ते त्यांनाच ठाऊक!

घरांच्या कामाकडे वळवलं ते एका निवृत्त मास्तरांनी. एनए प्लॉटची माती पिशवीत घेऊन आले. मी अहवाल वाचू लागलो, तसं म्हणाले, “अहो, सामू राहू द्या. यावर घर उभं राहील का, तेवढं सांगा.” माझे मेहुणे सिव्हिल इंजिनिअर. ते तेव्हा दुसऱ्यांची साईट सांभाळत होते. पुढे इकडेच आले.

जुनी गावठाणं उंचवट्यावर, पांढरीत किंवा मुरमावर बसलेली असायची. काळी असायची ती पिकाला. आता प्लॉट पडतात ते काळीतच, आणि एनएच्या आदेशात मातीबद्दल अक्षर नसतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. ते गिऱ्हाइकाला पटवायला आम्ही टेबलावर काचेची दोन नळकांडी ठेवतो. दोन्हींत त्याच प्लॉटची चाळलेली कोरडी माती, 10-10 ग्रॅम. एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. रॉकेलमधली माती आहे तेवढीच राहते. पाण्यातली दुसऱ्या दिवशी किती वर आली ते बघायचं. फरक 50 टक्क्यांच्या वर गेला तर माती अतिफुगीर. तो बघितल्यावर माणूस आपणहून विचारतो, “मग मुरूम किती फुटांवर आहे?” पायाच्या खर्चाचा हिशेब इथून सुरू होतो.

याचा त्रास मोठ्या इमारतीपेक्षा बैठ्या बंगल्याला जास्त, हे ऐकून लोक चकित होतात. जड इमारत फुगणाऱ्या मातीला दाबून तरी धरते. बंगला उचलला जातो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. कंपाऊंडची भिंत तर सगळ्यात आधी जाते. मुरूम जवळ असेल तर काळी उकरून पाया त्यावर टेकवायचा. खोल असेल तर खाली कंदासारखा फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाईल घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशा मातीसाठीच विकसित केले. घराभोवती फरसबंदी करायची, पाण्याची गळती होऊ द्यायची नाही, मोठं झाड भिंतीला खेटून लावायचं नाही. हे सांगायला पैसे लागत नाहीत, तरी आम्ही लेखी देतो.

खालचा थर किती घट्ट आहे ते कळायला बोअर घेताना 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पडत असतो आणि आम्ही ठोके मोजत असतो. तेवढ्यात शेजारी हटकून विचारतात, “पाणी लागलं का?”

भरावाचे प्लॉट हे आणखी एक प्रकरण. वीटभट्टीने माती उचललेला खड्डा राडारोडा टाकून सपाट केलेला असतो, वर मुरमाचा थर. गटनकाशात जुना ओढा दिसतो का ते आम्ही आधी बघतो, मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो. सोसायट्यांच्या बागेतही तोच प्रकार. वर तांबडी माती, खाली सिमेंटचे तुकडे, आणि तक्रार काय, तर कढीपत्ता जगत नाही.

हल्ली आम्ही साठेखताच्या आधीच जेसीबीने एक खड्डा घेऊन बघायला सांगतो. त्याला विकणाऱ्याची परवानगी लागते. ती मिळाली नाही तर आम्ही फी घेत नाही. अशा वेळी बहुतेक गिऱ्हाइकं दुसरा प्लॉट शोधतात आणि तिथला खड्डा आम्हालाच घ्यायला लावतात.