१८ टन आणि तवंदीचा उतार

लॉरीचा हौदा अर्धासुद्धा भरलेला दिसत नव्हता, आणि गाडी मात्र भरली होती. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या आवारात, जानेवारीतल्या त्या संध्याकाळी, मी फाळक्याला धरून आत डोकावलो तेव्हा ओतीव लोखंडाचे सुटे भाग जेमतेम मांडीइतक्या उंचीपर्यंत रचलेले होते आणि त्यांच्यावर सगळे आकाश मोकळे होते. क्रेनवाल्याने हात झटकून "झालं" म्हटले, तेव्हा तो थट्टा करतो आहे असेच मला वाटले. वजनकाट्यावर गाडी चढवली आणि पावती हातात आली तेव्हा खात्री पटली: गाडीसह २८ टन २४० किलो. दहा चाकी लॉरीला मालासकट २८.५ टनांची मर्यादा आहे, ती २०१८ पूर्वी २५ टनांची होती, आणि तिच्यावर गेलात तर २०,००० रुपये दंड व शिवाय वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. आमची रिकामी गाडी ९ टन ९०० किलोची. म्हणजे त्या मांडीइतक्या ढिगाचे वजन १८ टनांच्या वर होते, आणि ते घेऊन मला, पहिल्यांदाच शेजारी वस्ताद नसताना, कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जायचे होते.

मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला. दोन वर्षे छोट्या टेम्पोवर विटा आणि कौले वाहिली. मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण लागतात आणि मोठ्या गाडीच्या लायसन्सआधी हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर खिशात असावे लागते. या दोन्ही अटी पुऱ्या करून मी अवजड वाहनाची परीक्षा दिली. त्यानंतर आठ महिने याच गाडीवर एका वयस्क चालकाच्या हाताखाली काढले. त्यांना मी काका म्हणतो. आमच्या भागात या गाडीला लहानथोर सगळे लॉरीच म्हणतात. महाराष्ट्रातले कागल ओलांडले की त्याच गाडीचा ट्रक होतो, आणि परत येताना सीमेवरच्या दूधगंगेच्या पुलावर ती पुन्हा लॉरी होते.

बिल्टी म्हणजे माल वाहून नेण्याची पावती, मालाचे बीजक, माल नेताना लागणारे ऑनलाइन ई-वे बिल, विमा, फिटनेस, परमिट आणि धुराचे प्रमाणपत्र असा सगळा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावरच्या फळीत ठेवला. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि कोल्हापूर साधारण ११० किलोमीटरवर आहे, तेव्हा त्याची चिंता नव्हती. चिंता टायरची होती. दहा टायर हवेचे यंत्र लावून रोज तपासायला कोणाला वेळ नसतो. त्यासाठी टॉमी असते. हातभर लांबीचा तो लोखंडी दांडा प्रत्येक टायरवर हाणायचा आणि कान द्यायचा. हवा भरपूर असेल तर टॉमी हातातून उडते आणि टणक आवाज येतो. हवा कमी असेल तर दांडा टायरवर बसल्यासारखा होतो आणि आवाज ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा येतो. मागच्या जोड टायरांपैकी आतला बसलेला असेल तर तो बाहेरून दिसत नाही, बाहेरचा एकटाच भार उचलत राहतो आणि पुढे कुठेतरी तोही फुटतो. म्हणून आतल्या टायरसाठी गाडीखाली वाकून, तिरका हात घालून ठोकावे लागते. आमचा क्लीनर गोकाक तालुक्यातला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, घरी कन्नड बोलतो आणि मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरी बोलतो. एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही दहाही टायर वाजवले आणि रात्री साडेनऊला तिसरे रेल्वे गेट ओलांडून निघालो.

काकतीपर्यंत मी गाडीशी बोलत होतो म्हणावे लागेल. रिकामी लॉरी आणि भरलेली लॉरी ही दोन वेगळी वाहने आहेत, हे काकांनी शंभरदा सांगितले होते. त्यातही लोखंडाचा भार वेगळाच. उसाच्या भुश्शाची गाडी हत्तीएवढी दिसते, वाऱ्याने डुलते, पण वजनाला हलकी असते. लोखंडाची गाडी बाहेरून रिकामी दिसते, पुढून येणाऱ्याला आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्याला तिच्या वजनाचा पत्ताच नसतो. तो आपल्यापुढे घुसून ब्रेक मारतो, कारण त्याच्या मते आपणही तितक्याच अंतरात थांबू. वंटमुरीच्या उतारावर एका मोटारवाल्याने नेमके हेच केले, आणि मी त्याच्या मागच्या काचेवरची अक्षरे वाचता येतील इतका जवळ जाऊन थांबलो. क्लीनर काही बोलला नाही. त्याने फक्त पाय लांब करून पुढच्या पत्र्याला टेकवले होते, ते बऱ्याच वेळाने मागे घेतले.

हत्तरगीचा टोल गेला, संकेश्वरला हिरण्यकेशीवरचा पूल गेला, आणि मग तवंदीचा घाट आला. पायथ्याशी स्तवनिधीचे जैन क्षेत्र आहे, त्यावरूनच या घाटाला तवंदी म्हणतात. घाट म्हणावा असा तो उंच नाही. आंबोली किंवा चोर्ला पाहिलेल्या माणसाला तो घाट वाटणारही नाही. रस्ता रुंद, दोन्ही दिशांची वाहतूक वेगळी केलेली, वळणे मोठी. आणि म्हणूनच तो घातक आहे, असे माझे मत झाले आहे. अरुंद घाटात चालक आपोआप भितो. इथे बेळगावकडून निपाणीकडे जाताना उतार लागतो तो सपाट रस्त्यासारखा भासतो, गाडी स्वतःहून धावू लागते, डिझेल वाचवण्याच्या मोहाने काही जण ती न्यूट्रल करतात, आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेक उरलेले नसतात.

"ब्रेक उतारावर मारायचा नसतोय, पोरा, उताराच्या आदी मारायचा असतोय," हे काकांचे वाक्य. त्याचा अर्थ मला त्या रात्री पायातून कळला. माथ्यावर पोहोचण्याआधीच मी वेग वीसवर आणला, गिअर तिसऱ्यात टाकला आणि इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबले. इंजिन घोगऱ्या आवाजात गुरगुरू लागले. आमच्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीतली हवा किती उरली हे समोरच्या काट्यावर दिसते, आणि दर वेळी पायडल दाबले की त्यातली थोडी खर्च होते. सारखा पाय ठेवून बसलात तर हवा संपत जाते ते वेगळेच, पण त्याआधी चाकांतले ब्रेकचे ड्रम इतके तापतात की त्यांना घासणारे लायनर पकड सोडतात. पायडल पायाखाली असते, हवा काट्यावर असते, आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणून ठाम दाबायचे, वेग उतरला की पूर्ण सोडायचे, ड्रमला वारा लागू द्यायचा, पुन्हा ठाम दाबायचे. मध्ये एकदा मला जळक्या रबरासारखा वास आला आणि पोटात गोळा आला. तो पुढच्या गाडीचा होता. ती गाडी तामिळनाडूच्या पासिंगची, आमच्यापेक्षा लांबून आलेली, आणि तिच्या मागच्या चाकांतून पांढरट धूर दिव्यांच्या उजेडात दिसत होता. मी तिच्यापासून आणखी मागे राहिलो. तो चालक शहाणा निघाला, त्याने खाली रुंद जागेत गाडी बाजूला घेतली. आम्ही त्याच्या बाजूने गेलो तेव्हा तो केबिनमधून उतरून चाकाला दगड लावत होता.

निपाणीच्या बाहेर चहाला थांबलो तेव्हा उजवी पोटरी थरथरत होती. पायाला आराम नव्हता, आणि चहा सांडला तेव्हा हातालाही नसल्याचे लक्षात आले.

पुढे यमगर्णीजवळ वेदगंगा लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तिचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक इथेच थांबली. काका त्यातल्या दुसऱ्या पुरात चार दिवस या पट्ट्यात अडकले होते आणि गाडीतल्याच कांदा-बटाट्यावर सहा लॉऱ्यांचे चालक जेवले होते. कोगनोळीच्या अलीकडच्या पंपांवर पूर्वी डिझेलसाठी रांग असायची, कारण कर्नाटकात ते चांगले स्वस्त पडे. २०२४ च्या जूनमध्ये आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये इकडचा कर वाढल्यापासून तो फरक फारसा राहिलेला नाही, पण सवयीने मी तिथेच टाकी भरली.

सीमेवरच्या माणसाला गाड्यांचे नंबर लवकर पाठ होतात: केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए ४९ गोकाक, आणि एमएच ०९ कोल्हापूर. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा मी टेम्पोवर होतो आणि दोन दिवस घरी बसलो होतो. दगड मारणाऱ्याला आत बसलेला कोणती भाषा बोलतो हे दिसत नाही, त्याला फक्त नंबरप्लेट दिसते. मी मराठी माणूस केए २२ चालवतो, म्हणजे तणावाच्या दिवसांत मला काळजी कागलच्या पलीकडे करायची असते.

शिरोलीला रात्री अडीचला पोहोचलो आणि गाडी रिकामी झाली दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला. या चौदा तासांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, आणि तरी या धंद्यात सर्वांत जास्त जातात ते असेच तास. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास असे कामाचे माप ठरवले होते. फाटकाबाहेर रांगेत बसलेला चालक कामावर असतो की विश्रांतीवर, हे आमच्या मालकाने आणि मी आजवर एकमेकांना विचारलेले नाही. झोपावे तर रांग पुढे सरकते. शौचाला जावे तर पंपापर्यंत चालत जावे लागते. क्लीनरने स्टोव्हवर भात शिजवला, बरोबर घरची शेंगदाण्याची चटणी होती.

आत घेतल्यावर गाडी मागे लावायची होती, आणि तिथे माझ्याकडून चूक झाली. जागा चिंचोळी. मागे डावीकडे आमचा क्लीनर "बर्लि, बर्लि" म्हणत होता, उजवीकडे तिथला हमाल "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. दोन्हींचा अर्थ एकच. मग क्लीनर "साकु!" ओरडला, म्हणजे पुरे, हमाल मात्र अजून येऊच देत होता, आणि मी कानाला सोपे वाटले ते ऐकले. मागचा डावा दिवा भिंतीला घासून फुटला. क्लीनर काचेचे तुकडे गोळा करताना एवढेच म्हणाला, "अण्णा, गाडी माझ्या बाजूला होती की."

परतीचे भाडे मालकाने फोनवरच जमवले होते: कृष्णेपलीकडच्या एका साखर कारखान्यातून बेळगावच्या बाजारात साखर. निपाणीहून चिकोडी आणि तिथून अंकलीकडे आम्ही अंधार पडल्यावर निघालो. हंगाम जोरात होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोंबणाऱ्या, मोठ्या आवाजात गाणी, आणि मागे दिवा तर नाहीच, लाल रेडियमची पट्टीसुद्धा नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपलेले असताना तो उसाचा काळा ढीग वीस हातांवर एकदम उभा राहतो. मी दर दोन मैलांवर त्या ट्रॅक्टरवाल्यांचा उद्धार करत होतो. मग क्लीनरने आठवण करून दिली की आपलाही मागचा एक दिवा गेलेला आहे. त्यानंतर अंकलीच्या पुलापर्यंत मी गप्प होतो.

कारखान्याच्या आवारात पहाटे क्रमांक लागला. हमालांनी ५० किलोची ३७० पोती पाठीवरून चढवली, म्हणजे साडेअठरा टन. वजनाने कालच्या लोखंडाला तोडीस तोड, पण थप्पी फाळक्याच्या वर गेलेली. दोघांनी ताडपत्री ओढली, दोर आकड्यांतून फिरवला आणि प्रत्येक फेऱ्याला पाय टेकवून आवळला. तळहाताची दोन ठिकाणी साल निघाली. चिकोडी, संकेश्वर, आणि मग परवाचाच वंटमुरीचा उतार आता चढ होऊन समोर आला. तिथे दुसऱ्या गिअरवर, पायी चालणाऱ्या माणसाशी बोलता येईल अशा वेगाने आम्ही वर आलो.

बाजारात मोजणी झाली तेव्हा पोती ३७० भरली, पण एक पोते आकड्याला लागून फाटले होते आणि त्यातली ९ किलो साखर कमी भरली. तिचे पैसे माझ्या भत्त्यातून कापले गेले. दिव्याचेही कापले गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साखरेबद्दल आहे, कारण पोते चढवणारा मी नव्हतो, मालकाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दोर कुणी आवळला?"

संध्याकाळी सहाला पुन्हा उद्यमबागेत यायला सांगितले आहे, माल तोच. पाच वाजता मी टॉमी काढली. पुढचे दोन वाजले, मागचे बाहेरचे चार वाजले, आणि डाव्या बाजूला वाकून हात घातला तेव्हा आतल्या टायरवर दांडा बसून राहिला. क्लीनरने जॅक आणायला केबिनकडे धाव घेतली.