चौथ्या फेरीत चेन दातावर चढायची

मोटरच्या शाफ्टवर २० दातांचा गिअर, त्याच्याशी जुळणारा ४० दातांचा, त्याच शाफ्टवर १७ दातांचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) आणि तिथून चेनने फिरणारं ३४ दातांचं मोठं स्प्रॉकेट. कॉम्प्युटरवरच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हे मॉडेल एका संध्याकाळीच उभं राहिलं.

अडलं ते चेनपाशी, आणि चांगले चार दिवस. पहिली फेरी सुरेख. दुसरीत रोलर (चेनच्या कडीतला गोल भाग) दाताला घासल्यासारखा वाटला. चौथ्या फेरीत झूम करून पाहिलं, तर मोठ्या स्प्रॉकेटच्या दाताचं टोक थेट रोलरच्या आत घुसलेलं. आणि सातव्या फेरीअखेर पुन्हा सगळं जागच्या जागी! या सातव्या फेरीनेच मला चकवलं. मी मेट (दोन भागांची हालचाल एकमेकांशी बांधणारी जोडणी) पुसून परत लावले, चेनचा पॅटर्न नव्याने केला, दातांचा आकार तपासला. काही फरक नाही.

चूक गुणोत्तरात होती. मेट लावताना सॉफ्टवेअरने गुणोत्तराच्या रकान्यात निवडलेल्या वर्तुळांचे व्यास आपणहून भरले होते: ६९.१२ आणि १३७.६४. गिअरला हे चालतं, कारण तिथे पिच व्यास (दात जिथे भिडतात त्या वर्तुळाचा व्यास) म्हणजे मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) गुणिले दात, म्हणून व्यासांचं आणि दातांचं गुणोत्तर एकच. चेन मात्र स्प्रॉकेटवर सरळ कड्यांनी बसते, त्यामुळे व्यास येतो पिच (शेजारच्या दोन रोलरमधलं अंतर) भागिले साइन (१८०/दात). १२.७ मिमी पिचला हे भागून बघा: व्यासांचं गुणोत्तर २ नाही, १.९९१ येतं. मोठ्या स्प्रॉकेटच्या सात फेऱ्यांत जवळजवळ एक दात सरकतो, म्हणून तेव्हा सगळं पुन्हा जागेवर दिसतं. त्या रकान्यात १७ आणि ३४ लिहिलं आणि पन्नास फेऱ्या फिरवल्या, एकही दात हलला नाही. तेव्हा कुठे जिवात जीव आला. पण जो रकाना आपणहून भरला जातो, त्यात दात हवेत की व्यास, हे तिथेच लिहायला काय हरकत होती? याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तपासणी एका फेरीवर कधीच थांबवू नका. दोन्ही स्प्रॉकेटच्या एकेका दाताला वेगळा रंग द्या, सरकलेलं लगेच दिसतं.

हो, कड्यांची संख्या सम ठेवा, विषम झाली की जोडायला वाकडी कडी लागते. मी ८० धरल्या, शाफ्टमधलं अंतर साधारण ३४४.४ मिमी आलं. हे गणित मॉडेल काढण्याआधीच करा. आणि गिअरची जोडी उलट फिरते, चेन त्याच दिशेने फिरवते. मेटमधली दिशा दोन्हीकडे वेगवेगळी तपासा. सगळ्या कड्यांना कॉन्टॅक्ट (भाग एकमेकांना कुठे भिडतात याचं गणित) लावू नका. मी लावले होते, दोन सेकंदांच्या हालचालीला रात्र गेली.