हुरड्याचे दिवस

सोलापुरात थंडी पडू लागली, की आमच्या घरी काय शिजायचे हे लक्ष्मी मंडईतले ढीग ठरवतात. पावटा, ओला हरभरा, गाजर, काटेरी वांगी आणि बोरे एकदम दिसू लागली, म्हणजे भोगी जवळ आली असे मुलेही आता ओळखतात. त्या दिवशी या सगळ्यांची तिळाचे कूट घालून केलेली मिसळभाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. एरवी पावट्याकडे न पाहणारा धाकटा त्या दिवशी मात्र निमूट जेवतो.

खरा आनंद हुरड्याचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या रब्बी ज्वारीचे दाणे चिकात भरले, की ती कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हाताला चटका बसत असतानाच तळहातावर चोळायची असतात, आणि ही वेळ जेमतेम काही दिवस टिकते, कारण दाणा कडक झाला की त्यातील गोडवा जातो. सोबत शेंगाचटणी आणि गूळ असला, की पुरे. गूळभेंडी ही खास हुरड्याची ज्वारी मिळाली तर उत्तमच.

वर्षभराची भाकरी मात्र मंगळवेढ्याच्या मालदांडीचीच. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या सासूबाई तिचा आग्रह त्याआधीपासूनच धरत आल्या आहेत. बारमाही मिळणारा मटार आम्ही पूर्ण सोडलेला नाही, हेही कबूल करते.