वडिलांची नजर आणि १९७१ सालचा शोधनिबंध

माझ्या वडिलांची चाल बिघडू लागली तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. वळताना त्यांचा झोक जाई, बोलणे जड झाले होते, आणि गल्लीतल्या एक-दोघांनी आईला आडून विचारलेही, "भाऊंनी घ्यायला सुरुवात केली का?" वडिलांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नव्हता. पुढची दोन वर्षे मानेचा पट्टा, बी-१२ ची इंजेक्शने आणि दोनदा बदललेला चष्मा यांत गेली. चष्म्याचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे, कारण खरी खूण तिथेच होती. वर्तमानपत्राची एक ओळ संपली की ते डोळे मिचकावत आणि सगळी मान वळवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येत. नंबर वाढला असेल, असे आम्हाला वाटे.

आम्ही गाठलेल्या तिसऱ्या न्यूरॉलॉजिस्टांनी एमआरआयचे पाकीट बाजूला ठेवले आणि समोर बसून एका बाजूला बोट, दुसऱ्या बाजूला पेन धरले. "काका, मान हलवू नका. नुसत्या डोळ्यांनी बोटाकडे बघा. आता पेनाकडे." अशा वेळी निरोगी माणसाची नजर एका क्षणात उडी घेते; वडिलांची बुबुळे मात्र सावकाश सरकत पेनापर्यंत पोहोचली. रोज त्यांच्यासमोर जेवायला बसूनही मी ते कधी पाहिले नव्हते. मग डॉक्टरांनी आजोबा, आत्या, चुलते यांची चौकशी करून कागदावर वंशावळ काढली. "आपल्या घराण्यात पाय लवकर जातात" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते कुणी लिहून घेतले ते त्या दिवशी प्रथमच.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारशास्त्राचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. नोशीर वाडिया यांचे नाव मला या न्यूरॉलॉजिस्टांकडूनच कळले. वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली होती: लहान मेंदू आणि मज्जारज्जू यांचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ऱ्हास, आणि त्यासोबत मंदावलेली नजर. एमआरआय नव्हता, जनुकतपासणी नव्हती. समोरच्या माणसाकडे नीट पाहणे एवढेच साधन त्यांच्या हाती होते. आज 'स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया टाइप २' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे, म्हणजेच वडिलांच्या आजाराचे, जनुक १९९६ मध्ये सापडले, आणि १९९८ मध्ये वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांच्या अभ्यासातून निदानासाठी मंद नजरेचे महत्त्व पुन्हा दाखवून दिले. मी हे निबंध शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. त्या नऊ कुटुंबांत मला आमचेच घर दिसत होते, आणि आपल्याला वेड्यात न काढता कुणीतरी आधीच ओळखले आहे, याचा मोठा आधार वाटला.

तपासणी रक्ताचीच असते. एटीएक्सएन-२ या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे सलग किती वेळा येतात, ते मोजतात. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली, म्हणून आकडे दोन येतात. निरोगी माणसांत बहुधा २२ वेळा येतात. एका प्रतीत जरी ३३ किंवा त्याहून अधिक असतील तर आजार होतो. वडिलांच्या अहवालात आकडे होते २२ आणि ४०. आजार थांबवणारे औषध आज नाही. तोल सांभाळण्याचे व्यायाम, उच्चारांचा सराव आणि ठसका लागू नये म्हणून गिळण्याची पद्धत, एवढे हाती आहे आणि त्याचा त्यांना उपयोग होतो.

राहिला माझा प्रश्न. प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. मला त्याच आठवड्यात रक्त देऊन मोकळे व्हायचे होते, पण समुपदेशक बाईंनी आधी दोन बैठका घेतल्या. आकडा वाईट आला तर त्या रात्री घरी कोण असेल, कुणाला सांगाल, लग्नाचे काय ठरवले आहे, असे त्या एकेक विचारत गेल्या आणि माझ्याकडे निम्म्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, स्वतःला लक्षणे नसताना समुपदेशनाशिवाय रक्त देऊ नका. मी तीन महिने थांबले आणि मगच नमुना दिला. माझे दोन्ही आकडे २२ आले.

धाकट्या भावाने तपासणी न करण्याचे ठरवले आहे. मी त्याला एकदाच विचारले होते. तो म्हणाला, "ताई, मला आत्ता नको." त्यानंतर हा विषय मी काढलेला नाही आणि आईलाही काढू देत नाही.