डोक्यात डोळे

आज रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, हा मासा बघ, कसला उदास चेहरा आहे त्याचा!" मोबाईलवर बॅरलआय नावाच्या माशाचा फोटो. मीही लगेच "अरेरे" म्हणून मोकळा झालो. मग दोघांनी वाचलं तर कळलं, तोंडाच्या वर जे दोन उदास डोळे वाटतात, त्या आहेत नाकपुड्या! खरे डोळे डोक्याच्या आत. हिरवेगार, नळीसारखे, आणि वरचं कवच काचेसारखं आरपार.

जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा जीव. राहतो उत्तर पॅसिफिकमध्ये, ६०० ते ८०० मीटर खोल, जिथे उजेड जवळपास संपतो. पंख पसरून एका जागी तरंगत राहायचं आणि वर बघत बसायचं. भक्ष्याची सावली दिसली की अंग उभं करून वर जायचं, पण डोळे मात्र आतल्या आत फिरून भक्ष्यावरच. जेलीसारख्या प्राण्यांच्या विषारी तंतूंत अडकलेला खाऊ हा पळवतो म्हणे, तेव्हा ते कवच डोळे वाचवत असावं.

गंमत म्हणजे १९३९ पासून हा मासा माहीत होता, पण जाळ्यातून वर काढताना कवच फाटायचं, त्यामुळे जुन्या चित्रांत ते नाहीच. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बेच्या संशोधकांनी पाण्याखालच्या यंत्राने जिवंत मासा पाहिला तेव्हा खरा चेहरा कळला.

लेक म्हणे, "तुझं डोकं असं पारदर्शक असतं तर?"

तिच्या आईने पानावरून वर बघितलं. मी मुकाट्याने आमटी वाढून घेतली.