गिरगाव ते पिला हाऊस : जुन्या थिएटरांच्या मागावर एक दुपार

गिरगाव, लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड हा मुंबईतला जुन्या थिएटरांचा सर्वांत दाट पट्टा. ही सगळी फेरी पायी होते. चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा किंवा मेट्रोचं गिरगाव स्थानक घ्या. वार रविवार धरा. लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं त्या दिवशी बंद असतात, फूटपाथ मोकळा मिळतो आणि इमारतींचे वरचे मजले नीट दिसतात. शुक्रवार टाळा, कारण शेवटी लागणाऱ्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात.

निघण्याआधी रस्त्यांची नावं जुळवून घ्या. जुन्या जाहिरातींत सँडहर्स्ट रोड दिसला तर तो आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हार्बरवरचं त्या नावाचं स्टेशन नव्हे. तिकडे उतरलात तर गिरगाव बरंच लांब राहतं. लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, फॉकलंड रोड म्हणजे पठ्ठे बापूराव मार्ग, ग्रँट रोड म्हणजे मौलाना शौकत अली मार्ग आणि गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. थिएटरांनीही नावं बदलली. कृष्णाचं ड्रीमलँड झालं, वेस्ट एंडचं नाझ, रिपनचं आल्फ्रेड. एकाच थिएटरला दोन समजून यादी फुगवण्याची चूक इथंच होते.

सुरुवात शंकरशेट मार्गावरच्या मॅजेस्टिकपासून. 14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट इथं लागला. आज तिथं मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे, थिएटरची वीटही शिल्लक नाही. नाव मात्र मराठी वाचकाच्या घरात आहे : कोठावळ्यांचा बुक स्टॉल या थिएटरशेजारचा, म्हणून तो मॅजेस्टिक. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ जिथं लागला ते कॉरोनेशनही गिरगावातच, सँडहर्स्ट रोडवर होतं. त्याची जागा बोट ठेवून दाखवणारे दोघं भेटले तर दोन वेगळ्या जागा दाखवतील. तिथं वेळ घालवू नका.

पुढे ऑपेरा हाऊस. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, पुढे सिनेमागृह, 1993 ला बंद, 2016 मध्ये डागडुजी होऊन पुन्हा सुरू. आत जायचं तर कार्यक्रमाचं तिकीट काढावं लागतं; पहारेकऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

इथून लॅमिंग्टन रोडला लागलं की खरा अभ्यास सुरू होतो. पाटी गेलेली असली तरी थिएटर ओळखता येतं. बाजूची भिंत बघा. दोन-अडीच मजले उंच, खिडकी एकही नाही, वर फक्त झरोके, आणि तिला लागून एक अरुंद बोळ. त्या बोळात बाहेर उघडणारे रुंद दरवाजे ओळीनं असतील तर ते खेळ सुटल्यावर बाहेर पडायचे दरवाजे. मग मागच्या किंवा दर्शनी टोकाला वर, प्रोजेक्टर केबिनकडे, स्वतंत्र लोखंडी जिना चढतोय का ते पाहा. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटायची, म्हणून केबिनची वाट प्रेक्षकांपासून वेगळी ठेवत. केबिनच्या छपरातून एखादं पत्र्याचं धुरांडं वर आलेलं असेल तर तो कार्बन आर्क दिव्याचा धूर बाहेर काढणारा नळ. गोदाम, लग्नाचा हॉल, फर्निचरचं दुकान काहीही झालेलं असो, या खुणा सहसा कुणी मोडत नाही, कारण मोडायला पैसे लागतात.

नाझच्या इमारतीकडे निव्वळ थिएटर म्हणून बघू नका. वितरकांच्या कचेऱ्या इथं होत्या. कोणता सिनेमा कुठल्या गावात लागणार याचे सौदे या जिन्यांवर ठरत. जवळच इम्पीरियल, दाराशी हत्तींचे पुतळे असलेलं. मिनर्वात ‘शोले’ 1975 पासून पाच वर्षं चालला, तेही थिएटर पाडलं गेलं. फोनवर नुसतं ‘मिनर्वा’ शोधलंत तर महालक्ष्मीचा उंच टॉवर समोर येईल. त्याचा या थिएटरशी संबंध नाही. अप्सरा 1964 मध्ये ‘संगम’नं उघडलं. ते पाडून नवी व्यापारी इमारत झाली आणि आत त्याच नावाचं मल्टिप्लेक्स आलं. हे काही मालकाचं प्रेम नव्हे. थिएटरच्या भूखंडावर नवं बांधताना थोड्या खुर्च्यांचं का होईना थिएटर ठेवण्याची नियमांत अट होती, म्हणून जुनी नावं अशी वरच्या मजल्यांवर जाऊन बसलेली दिसतात.

नंतर पूर्वेला वळून पिला हाऊस. ‘प्ले हाऊस’चा हा अपभ्रंश, नाटकवाल्यांची ही वस्ती पुढे सिनेमावाल्यांची झाली. आल्फ्रेड, रॉयल, गुलशन, न्यू रोशन, निशात ही सगळी हाकेच्या अंतरावर. आल्फ्रेडची हातानं रंगवलेली पोस्टरं अगदी अलीकडेपर्यंत लागत. कामाठीपुऱ्याला लागून असलेला भाग आहे; उजेडात जा आणि कॅमेरा थिएटरच्या दर्शनी भागाखेरीज कुठंही रोखू नका. गल्लीतल्या बायकांचे फोटो काढणाऱ्यांमुळे नंतर येणाऱ्यांनाही हाकलतात, आणि ते बरोबरच आहे.

माहिती विचारायची तर पानवाल्याला किंवा जुन्या इराण्याला. ‘थिएटर कधी बंद झालं?’ हा प्रश्न फुकट जातो, प्रत्येक जण वेगळं साल सांगतो. ‘बाल्कनीचा जिना कुठल्या बाजूला होता?’, ‘सायकल स्टँड कुठं होता?’ असं विचारा. उत्तरांतून नकाशा तयार होतो.

साल हवं असेल तर वर्तमानपत्रातल्या थिएटरांच्या जाहिराती. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जुन्या फाइली बघायला मिळतात. आधी विचारून जा. पाच-पाच वर्षांच्या अंतरानं एकेक आठवडा उघडा. नाव दिसेनासं झालं की मधला काळ निम्मा करत या. जुन्या काळासाठी शनिवारचा अंकही पाहा. वरच्या 1913 आणि 1931 च्या दोन्ही तारखा शनिवारच्याच आहेत. घोळ दोन ठिकाणी होतो. काही थिएटरं दुरुस्तीसाठी महिनोन्महिने गायब होऊन नव्या नावानं परततात. आणि मार्च 2020 ला टाळं लागलेल्या कित्येकांना शेवटचा खेळ असा नाहीच.

पण थिएटर का गेलं हे जमिनीच्या कागदात सापडतं, सिनेमाच्या नाही. शहर बेटावर मालमत्ता पत्रकासाठी (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) सी. एस. म्हणजे कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांक आणि डिव्हिजन (महसुली विभाग) लागतं, उपनगरांतला सी. टी. एस. क्रमांक इथं चालत नाही. क्रमांक विकास आराखड्याच्या नकाशावर मिळतो. पत्रकावर मालक आणि भाडेपट्टेदार वेगळे दिसले तर अर्धं कोडं सुटलं. पुण्याचं उदाहरण घ्या. 1915 चं आर्यन महापालिकेच्या जागेवर होतं, 1983 मध्ये गेलं, आणि मंडईत आज ‘आर्यन’ हे वाहनतळाचं नाव आहे. प्रभातचा करार 2014 मध्ये संपला, जागा मूळ मालक किब्यांकडे परत गेली आणि दारावर किबे लक्ष्मी आलं. तिथं पडदा तरी राहिला.

अजून चालू असलेल्या जुन्या हॉलमध्ये बसायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी करा. 1958 चं मराठा मंदिर मुंबई सेंट्रलसमोरच आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा खेळ वर्षानुवर्षं सकाळी साडेअकराचा, तरी निघण्यापूर्वी वेळ तपासा.

चोरबाजारात पोस्टरांपेक्षा हँडबिलं आणि गाण्यांच्या पुस्तिका चाळा. गुळगुळीत कागदावरची पोस्टरं बहुतेक नव्यानं छापलेली असतात. हँडबिलावर थिएटरचं नाव, खेळांच्या वेळा आणि कधी कधी दरही छापलेले सापडतात. साल सहसा नसतं, ते सिनेमाच्या नावावरून काढावं लागतं, आणि सिनेमा दुसऱ्यांदा लागलेला असेल तर तेही चुकतं. म्हणून विकत घेण्याआधी मुद्रकाचा पत्ता वाचा. त्यात पिनकोड असेल तर कागद 1972 नंतरचा.